गौरीचा कॉम्प्युटर का बंद पडायचा

हे मी अजून कुणाजवळ बोललेले नाही. भावाजवळ नाही. आबा होते तोवर त्यांच्याजवळ नाही. आणि गौरीजवळ तर — एका घरात राहतो आम्ही, तिच्या हातची भाकरी खाते मी — पण हे नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमेल कदाचित. बघते.

आबा म्हणजे माझे वडील. पेंटर होते. चित्रं काढणारे नव्हे, दुकानांच्या पाट्या रंगवणारे. कोडोलीतली पिठाची गिरणी असो नाहीतर जोतिबाच्या वाटेवरचं नारळ-गुलालाचं दुकान, आबांचं अक्षर लांबून ओळखू यायचं. त्यांचा ‘ळ’ तर मांड्या रोवून बसलेल्या पैलवानासारखा. लहानपणी मी त्यांच्याकडं ब्रश मागितला होता. “शिडीवर चढायचं काम हाय हे. पोरीचं न्हाय,” म्हणाले. रागानं नाही, अगदी सहज. मीही सहज सोडून दिलं — असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं.

पुढं मी कॉम्प्युटर हार्डवेअरचा कोर्स केला आणि राजारामपुरीतल्या एका दुकानात रिपेअरीला लागले. कॅबिनेट उघडून स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलेली बाई तेव्हा नवलाचीच. लोक दारात थांबून बघायचे. आबा कधी आले नाहीत. ते जाऊ दे.

फ्लेक्सचे बोर्ड आले आणि आबांचं काम संपलं. गुडघेही संपलेच होते. ते घरी बसून जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला अक्षरं काढत बसायचे, स्वतःसाठीच. त्याच सुमारास माझ्या धाकट्या भावाचं, संजूचं लग्न झालं आणि गौरी घरात आली. निपाणीकडची. माहेरी कन्नड, शाळा मराठी. मी वयानं मोठी, लग्न न झालेली नणंद, म्हणून मला ‘अक्का’ म्हणायची, आबांना ‘मामा’. एका दुपारी ती आबांच्या शेजारी बसली, म्हणाली, “मामा, मी काढू काय एक?”

आणि त्यांनी ब्रश दिला. दिला की हो! ते ‘पोरीचं काम न्हाय’ कुठं गेलं? मी दोन हातांच्या अंतरावर शेंगा निवडत होते.

“हात हाय हिला,” आबा म्हणाले. “सुमन, बघ की. हात हाय हिला.”

मी बघितलं. खरंच होता. तेच तर.

मग रोज दुपारी ती दोघं टेबलाशी. आबा आपल्या अक्षराशेजारी तिला अक्षर काढायला लावायचे, वेलांटी कुठं ढिली पडली ते दाखवायचे, हसायचे. आबा हसायचे! मला ते ऐकू येऊ नये म्हणून मी सुट्टीच्या दिवशीही दुकानात जायला लागले. हेवा म्हणजे काय, हे मला दुसऱ्या कुणी शिकवलं नाही. तो पोटात असतो, अगदी जागा दाखवता येईल असा.

आबांची अक्षरं कॉम्प्युटरवर घ्यायची, म्हणजे कुणालाही ती टाइप करता येतील, ही कल्पना गौरीची. कॉम्प्युटर मी जोडून दिला — हो, मीच. सुटे भाग आणले, घरी बसून जोडला. ती आबांचं एकेक अक्षर स्कॅन करायची आणि माऊसनं त्याच्या कडेकडेनं बिंदू ठेवत जायची. किचकट काम. एका ‘क’ला दिवस जायचा.

गणपतीच्या सुमारास तो हँग व्हायला लागला. चालता चालता स्क्रीन जागच्या जागी थिजायचा. माऊस हलेना, की-बोर्ड चालेना, अक्षर अर्ध्यावर. बटण दाबून बंद करायचा, परत चालू करायचा, केलेलं काम गेलेलं. “अक्का, बघा की ओ,” गौरी म्हणायची. आणि मी बघितलं — इथपर्यंत मी खरी आहे, हे लिहून ठेवते. विंडोज पुन्हा टाकलं. व्हायरस बघितला. दुकानातली रॅम आणून घालून पाहिली. काही उपयोग नाही.

एका रविवारी गौरी आणि संजू बाहेर गेलेले. मी कॅबिनेट उघडलं, झाकण बाजूला ठेवून कॉम्प्युटर चालू केला आणि नुसती बघत बसले. तेव्हा दिसलं. आतली एक सुटी वायर खाली लोंबून प्रोसेसरच्या पंख्याच्या पात्याला टेकत होती. पंखा मधेच अडायचा, प्रोसेसर तापायचा, सगळं थांबायचं. एवढंच. मी बोटानं वायर उचलून बाजूला केली. पंखा भर्रकन फिरला. दुपारभर कॉम्प्युटर एकदाही अडला नाही.

बाहेरच्या खोलीतून आबांनी विचारलं, “हुतंय काय गं?”

मी ‘झालं’ म्हणणारच होते. तोंड उघडलं होतं.

“झालं आसंल तर गौरीला लगेच सांग. लई खूश हुईल बघ पोरगी.”

बाकी काही म्हणाले नाहीत. वाईट काहीच म्हणाले नाहीत, नाही का? एवढ्यावर माणूस असं करतो?

“न्हाई आबा,” मी म्हणाले. “मदरबोर्डच गेलाय वाटतं. तसला मिळायला येळ लागंल.” आणि ती वायर — जिथं होती तिथंच नाही, मुद्दाम जरा आत — परत पंख्यात सारली. झाकण लावलं. स्क्रू नीट पिळले.

आता याहून वाईट सांगायचं आहे.

संजू म्हणाला, दुसऱ्या कुणाला तरी दाखवू. गौरीच म्हणाली, “कशाला? अक्कांना कळतंय की त्यातलं.” मग ती तशीच काम करत राहिली. एक वळण काढायचं की सेव्ह, एक वळण की सेव्ह. मशीन थांबलं की पदरानं घाम पुसत शांत बसून राहायची. एकदा तिनंच विचारलं, “अक्का, सकाळी गारव्याला बरा चालतोय ओ. तापत असंल काय?” तिनं बरोबर नेम धरला होता. मी तिच्या डोळ्यांत बघून हसले. म्हणाले, “तसं काही नसतं गं.” शिकलेल्या माणसानं अडाण्याला म्हणावं तसं. तिनं मान खाली घातली.

आणि आबांच्या डोळ्यांचं मला माहीत होतं. हे लपवून चालणार नाही. काचबिंदू. त्यांना डॉक्टरकडं मीच नेत होते. थेंब चालू होते, तरी नजर कडेकडेनं मिटत चालली होती. गेलेली नजर परत येत नसते, डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. म्हणजे घरात घाई कशाची आहे हे सगळ्यात नीट कुणाला ठाऊक होतं? मला. तरी ती वायर मी काढली नाही. रोज दुकानात जाताना त्या टेबलावरून जायची मी. पावसाळ्यानंतरचे ते दिवस, दिवाळी, संक्रांत. एक बोट लावायचं होतं.

शिमग्याच्या आसपास गौरीनं पहिली काही अक्षरं कागदावर छापून आणली आणि आबांच्या हातात दिली. आबांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, तिरका केला. मग त्यावरून अंगठा फिरवला. रंगानं काढलेलं अक्षर बोटाला लागतं, जरा उठून असतं. छापलेलं कसं लागणार?

“सपाट हाय की गं,” ते म्हणाले. “ळ कसा आलाय?”

गौरी त्यांना सांगायला लागली — दोन्ही मांड्या सारख्या हायत मामा, मधली गाठ तुमच्यासारखीच. आबा मान हलवत राहिले. त्यांना दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी वायर काढली. आता उशीर झालाच होता, म्हणून काढली. नवा भाग बसवला असं सांगितलं. कॉम्प्युटर त्यानंतर कधी अडला नाही, आणि इतके महिने रखडलेलं काम पुढच्या पावसाच्या आत पुरं झालं.

सगळ्यांना आनंद झाला. आबांनी मला जवळ बोलावलं, चाचपडत माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “सुमी माझी हुशार हाय. मला कवा कळलंच न्हाई.”

आयुष्यभर ज्या वाक्यासाठी मी जळत होते, ते मला असं मिळालं. मी ते घेतलं. नको म्हणाले नाही.

पुढच्या वर्षी आबा गेले. आता त्यांची अक्षरं लग्नपत्रिकांवर दिसतात, गावोगावच्या जत्रेच्या बोर्डांवर दिसतात. मध्यंतरी चित्रकला शिकणारी काही मुलं गौरीला भेटायला घरी आली होती. तिनं त्यांना सगळी हकीकत सांगितली — आबांची, ब्रशची, बिघडणाऱ्या कॉम्प्युटरची. शेवटी माझा हात धरून पुढं ओढलं मला. “ह्या आमच्या अक्का. ह्या नसत्या तर काहीच झालं नसतं.”

मुलांनी आम्हा दोघींचा फोटो काढला. त्यात मी गौरीच्या शेजारी उभी आहे आणि छान हसते आहे.