थोर वनस्पतीचोर आणि आमचा बटमोगरा

कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो तेव्हा माझं एक व्याख्यान ठरलेलं असे: झाडांच्या आणि बागांच्या इतिहासातले थोर लोक. रणरणत्या मुलखात पाण्याचे पाट खेळवून चौकोनी बागा आखणारे बादशहा, परक्या देशातून चहाची रोपं जहाजानं पळवणारे साहेब, रबराचं बी गुपचूप नेणारे संशोधक. पोरं झोपत, मी मात्र रंगून जाई. निवृत्तीनंतर वर्ध्यातल्या एका मंडळानं त्याच विषयावर बोलवलं, म्हणून घरी तालीम केली. श्रोता एकच, बायको.

तिनं मेथी निवडता निवडता सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे चोरच न हे?"

"संशोधक!" मी ओरडलो.

"मी एक फांदी आणली त तुम्ही बोंबलता. यायनं जहाज भरून नेलं त थोर?"

मी बोंबलतो ते उगाच नाही. हिच्या पर्समध्ये फांदी छाटायला नेलकटर आणि ती गुंडाळायला ओला रुमाल कायम असतो. केळझरला दर्शनाला निघालो तरी गणपतीआधी हिला लोकांची कुंपणं दिसतात. लग्नात सगळे नवरीकडे बघतात, ही हॉलच्या कुंड्यांकडे. मी अशा वेळी ओळख नसल्यासारखा पुढे चालू लागतो.

अंगणातला बटमोगरा मात्र तिनं चोरलेला नव्हता. तो सिंदीहून तिच्या आईनं दिला होता. आई गेली, भावांनी घर विकलं, नव्या मालकानं अंगणभर फरशी घातली. माहेर म्हणून उरला तो एवढा मोगरा. या उन्हाळ्यात आम्ही मुलीकडे पुण्याला गेलो आणि परत येतो तर वाळवीनं तो मुळापासून खाल्लेला. मी म्हणालो, नर्सरीतून दुसरा आणू, त्यात काय एवढं. माझ्या एका वाक्याला दोन वाक्यं सुनावणारी बाई उठून आत गेली. दिवसचे दिवस कुणाच्या कुंपणाकडे बघेना. मी खरंच घाबरलो.

पाऊस सुरू झाल्यावर समोरच्या शेजारणीनं आम्हाला बोलवून मागच्या अंगणात नेलं. तिथे मोगऱ्याचं भलं थोरलं झुडूप, त्याच टपोऱ्या गोल कळ्यांचं.

"वहिनी, सर, रागावू नोका," ती म्हणाली. "तीन वर्साआंधी तुम्ही पोरीच्या बाळंतपणाले गेलत्या न, तेव्हा मी तुमची एक फांदी नेलती."

मला केवढा आनंद झाला! मूळ देशात नष्ट झालेलं झाड चोराच्या बागेत जगतं, हा माझ्या व्याख्यानातला लाडका मुद्दा. मी तोंड उघडलं आणि बायकोचा चेहरा पाहून मिटलं.

शेजारणीनं तयार रोपाची कुंडी पुढे केली. "हे तुमच्यासाठीच लावून ठेवलं."

बायकोनं हात मागे घेतला. "देल्लेलं लागत नाई बाई. मायनं देल्लं थे गेलंच न."

चोरलेलं रोपच जीव धरतं, अशी आमच्याकडच्या समस्त बायकांची श्रद्धा. शास्त्रात याला काडीचा आधार नाही. शेजारणीला मात्र ते लगेच पटलं. तिनं कुंडी खाली ठेवली.

"मंग मी चहा मांडाले जातो," ती म्हणाली. "अद्रक किसाची हाय, येळ लागन." आत जाऊन तिनं दार ओढून घेतलं.

बायको नेलकटर काढून वाकली. पण डोळे इतके भरलेले की फांदी दिसेना. शेवटी नेलकटर मी घेतलं. जन्मभर थोर चोरांवर भाषणं ठोकली, पण फांदी काही तुटेना.

"हळू ओढा! मायचं झाड हाय थे."

आत कपबशा बराच वेळ वाजल्या आणि थांबल्या. "चहा झाला हो," शेजारीण दाराआडून म्हणाली. "येऊ का, का अजून उकळू?"

बायकोनं पदरानं नाक पुसलं. "उकळू द्या," ती म्हणाली, "आमच्या सरायची पहिलीच येळ हाय."