रेवाची फ्रेंच शाळा आणि माझी पाच उत्तरं

आमच्या घरात अस्खलित फ्रेंच बोलणारी एकच व्यक्ती आहे आणि तिचे पुढचे दोन दात पडलेले आहेत.

ही माझी मुलगी रेवा, वय वर्षं सात. नोकरीपायी आम्ही चार वर्षं फ्रान्समध्ये तुलूझला काढली. त्या चार वर्षांत रेवा फ्रेंच शिकली, माझी बायको मुग्धा संध्याकाळच्या क्लासला जाऊन कामापुरती शिकली आणि मी रेवाला बरोबर न्यायला शिकलो! पाववाला, पोस्ट, घरमालकीण, एकदा तर दाताचा डॉक्टर (दात माझा!), सगळीकडे ही चिमुरडी पुढे आणि मी मागे पिशवी धरून उभा. लोकांना वाटायचं, बाप किती कौतुकानं लेकीला बोलायला देतोय. मीही तसाच चेहरा ठेवायचो.

२०२०च्या जानेवारीत मला डब्लिनला, चेरीवूडच्या एका ऑफिसात नोकरी लागली आणि आम्ही आयर्लंडला आलो. तिथली फ्रेंच शाळा पार दुसऱ्या टोकाला; आधी ट्राम, मग बस. शिवाय जागा नव्हती. म्हणून रेवाला तात्पुरतं घराजवळच्या शाळेत घातलं आणि फ्रेंच शाळेच्या वेटिंग लिस्टवर नाव लावून ठेवलं.

तेवढ्यात लॉकडाऊन आला आणि फ्रेंचला ओहोटी लागली. एका सकाळी बेल वाजली तशी रेवा ओरडली, "बाबा, युअर मॅन आलाय!" बघतो तर पोस्टमन. (इकडे कुठल्याही पुरुषाला 'युअर मॅन' म्हणतात. त्याचा आपल्याशी काही संबंध असावा लागत नाही.) कपाटाला ती 'प्रेस' म्हणायला लागली. भाजी कशी झालीय विचारलं की 'ग्रँड', म्हणजे ठीक. शेजारच्या, तिच्याच शाळेतल्या नीव नावाच्या मुलीशी कुंपणावरून तासन्‌तास गप्पा, त्याही अशा आयरिश सुरात की मला निम्म्या कळायच्या नाहीत. मी धास्तावलो. तुलूझच्या बालवाडीत पहिले तीन महिने ही पोर रोज सकाळी माझी पँट धरून रडली होती. ते सगळं रडून कमावलेलं फ्रेंच असं कुंपणावरून सांडून जावं? मला मनापासून वाईट वाटत होतं. (आणि नातेवाइकांत 'आमची रेवा फ्रेंच बोलते' हे वाक्य मी इतक्यांदा टाकलं होतं, की आता ते मागे घेणं शक्य नव्हतं.)

२०२१च्या जानेवारीत फ्रेंच शाळेची मेल आली. रेवाच्या वर्गात एक जागा रिकामी होती. एकच! पुढच्या आठवड्यात ऑनलाइन भेट, सोबत एक अर्ज.

अर्जात रकाना होता : घरी बोलल्या जाणाऱ्या भाषा. मी बेधडक लिहिलं, 'मुख्यतः फ्रेंच.'

"मुख्यतः?" मुग्धा किंचाळली. "अरे, तू घरी फ्रेंच कधी बोललास?"

"रोज सकाळी बोंजूर म्हणतो की!"

"बोंजूर म्हणतोस आणि लगेच 'चहा झाला का' विचारतोस. मी या खोट्यात नाही. एकतर खोटं बोलायचं, आणि तेही फ्रेंचमध्ये!"

माझी आई शेजारी बसून ऐकत होती. ती नागपूरहून तीन महिन्यांसाठी आली, विमानं बंद झाली आणि आता तिचा इथे अकरावा महिना चालू होता. ती म्हणाली, "काहून रे बावा, घराजवळची शाळा काय चावते काय तुले? त्या दोन-दोन गाड्या बदलत पोट्टीले कुठं फिरवून राहिला?"

"आई, तुला नाही कळायचं. भविष्याचा प्रश्न आहे."

"हाव. माह्याच नाकासमोर भविष्य घडून राहिलं, अन् मलेच नाही कळत," असं म्हणून ती मटार सोलायला लागली.

मी तयारीला लागलो. मुलाखतीत काय विचारतील याचा अंदाज घेऊन पाच प्रश्न काढले आणि रेवाला विचारून त्यांची पाच फ्रेंच उत्तरं देवनागरीत लिहून काढली. एक : आमच्या कुटुंबाला फ्रेंच संस्कृती मनापासून आवडते. दोन : पोहणं आणि चित्रकला. (रेवाचे छंद.) तीन : सगळ्या लसी दिलेल्या आहेत. चार : हो, रोज पोचवायला मीच येईन. पाच : घरी आम्ही आनंदानं फ्रेंच बोलतो. आठवडाभर मी हे आंघोळ करताना, भांडी लावताना, ऑफिसच्या मीटिंगमध्ये माइक बंद करून घोकत होतो. रेवा तपासायची. पाचव्या उत्तराला दर वेळी कपाळाला हात लावायची.

मुलाखतीचा दिवस उजाडला. लॅपटॉपसमोर मी आणि रेवा, मी ब्लेझरमध्ये (खाली पायजमा!). मागे सोफ्यावर आई. तिला सांगितलं होतं, नुसतं हसायचं. ओट्यापाशी, कॅमेऱ्याच्या बाहेर मुग्धा, हाताची घडी घालून. पडद्यावर मुख्याध्यापिका आल्या. चष्मा, गळ्यात स्कार्फ, चेहऱ्यावर प्रेमळ हसू. त्यांनी काहीतरी विचारलं.

पहिला प्रश्न म्हणजे पहिलं उत्तर! मी खणखणीत आवाजात ठेवून दिलं.

(आता पुढचं मला रेवाकडून नंतर कळलं, ते इथेच सांगून टाकतो. बाईंनी विचारलं होतं, "आयर्लंड कसं वाटतंय?" मी म्हणालो, "आमच्या कुटुंबाला फ्रेंच संस्कृती मनापासून आवडते.")

बाई हसल्या. त्यांनी विचारलं, "आपण काय काम करता?"

"पोहणं आणि चित्रकला."

त्यांनी चष्मा सारखा केला. माझ्या खांद्यामागे बघत विचारलं, "आणि मागे बसल्या आहेत त्या बाई कोण?"

"सगळ्या लसी दिलेल्या आहेत!"

जानेवारी २०२१ होता हो! अख्खा देश लशीची वाट बघत होता आणि मी आईकडे अभिमानानं हात करून सांगत होतो, की हिच्या सगळ्या झाल्या. बाईंनी थक्क होऊन आणखी काही विचारलं. मी चौथं उत्तर दिलं, की हो, रोज पोचवायला मीच येईन. आई सांगितल्याप्रमाणे हसत होती. मुग्धा तोंडात पदर नाही म्हणून टॉवेल कोंबत होती. पाचवं उत्तर मी कुठल्या प्रश्नाला दिलं ते रेवानंही मला आजतागायत सांगितलेलं नाही.

आता उत्तरं संपली आणि बाई काही संपेनात! पण मी घाबरलो नाही. समोरचा प्रेमानं बोलत असेल तर 'वुई' म्हणून मान डोलवावी. 'हो'ला कोण नापास करतो? सुदैवानं बाई आता रेवाशी बोलायला लागल्या. आणि रेवा जी सुटली! वर्षभर दबून बसलेलं फ्रेंच धबाधबा बाहेर पडत होतं. हातवारे काय, खांदे उडवणं काय! माझी छाती ब्लेझरमध्ये मावेना. मध्येच बाईंनी माझ्याकडे वळून काही विचारलं. मी म्हणालो, "वुई." थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. मी जरा गंभीरपणे म्हणालो, "वुई, वुई." शेवटी त्यांनी अगदी हळू, एकेक शब्द तोडून काहीतरी विचारलं. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "वुई. मेर्सी बोकू!" बाईंचे डोळे पाणावल्यासारखे वाटले.

पडदा काळा झाला आणि आईनं टाळी वाजवली. "काय बोलला रे बावा! एकदाही अडला नाही!" तिनं स्वतः उठून शिरा केला, बदाम-बेदाणे घालून. जागा पक्की होती. मी मनातल्या मनात ट्रामचा पासही काढून ठेवला.

शिरा खाता खाता रेवाला विचारलं, "काय गं, शेवटी काय म्हणाल्या बाई?"

"त्यांनी विचारलं, घरी फ्रेंच कोण बोलतं? मी सांगितलं, मीच. बाबाला येत नाही, बाबाचं पण मीच बोलते."

माझा घास हातातच राहिला. "मग?"

"मग विचारलं, तुला आमच्या शाळेत यायचंय का? मी म्हटलं, नाही. मला नीवच्या शाळेत राहायचंय. मग त्यांनी तुला विचारलं, हे तुम्हाला माहीत आहे का? तू म्हणालास, वुई."

"अरे देवा."

"मग विचारलं, तिनं तिथेच राहावं असं तुम्हालाही वाटतं का? तू म्हणालास, वुई, वुई. मग विचारलं, ही जागा लिस्टमधल्या पुढच्या मुलाला देऊ का? तेव्हा तू हार्टवर हात ठेवलास."

मी ओट्याकडे वळलो. "मुग्धा, तुला तर सगळं कळत होतं! थांबवलं का नाहीस?"

"थांबवणार होते. पण तू इतक्या ठामपणे हो म्हणत होतास, मला वाटलं, लग्नानंतर पहिल्यांदाच तुला काहीतरी पटलंय."

"आणि रेवा, तुला तिकडे जायचं नव्हतं, तर मला आधी सांगायचं नाही का?"

रेवानं चमचा खाली ठेवला. रागानं नाही, अगदी सहज म्हणाली, "बाबा, तू मला विचारलंच नाहीस. त्यांनी विचारलं."

मी ताटली बाजूला सारली. शाळेशी बोललो होतो, ऑफिसात सल्ले घेतले होते, नागपूरला फोन केले होते. वर्षभर या विषयावर मी सगळ्यांशी बोललो होतो. एवढ्या धामधुमीत, शाळेत जायचं जिला होतं तिला विचारायचं तेवढं राहून गेलं. मला खरंच लाज वाटली. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "चुकलं माझं." ती म्हणाली, "इट्स ग्रँड, बाबा," आणि माझ्या ताटलीतले बेदाणे वेचायला लागली.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंचं लांबलचक फ्रेंच पत्र आलं. रेवानं वाचून दाखवलं. एवढ्या मुलाखती घेतल्या, पण आपल्या लेकीचं मन इतकं ओळखणारा, तिच्या एका शब्दाखातर हातची जागा सोडणारा बाप मला पहिल्यांदाच भेटला, असं त्यात होतं. आजीबाईंच्या तब्येतीलाही शुभेच्छा होत्या.

"आता त्यांना खरं काय ते कळवून टाक," मुग्धा म्हणाली.

खरं कळवू? एवढं सुंदर पत्र आल्यावर? मी ते तसंच्या तसं सगळ्या नातेवाइकांना पाठवून दिलं. दोन मिनिटांत नागपूरहून मेहुण्याचा मेसेज : 'वा! पण लिहिलंय काय ते मराठीत सांगा की!'

मी त्याला कळवलं, जरा थांब, रेवाचा ऑनलाइन वर्ग सुटला की शब्दन्‌शब्द सांगतो.