यूसुफचं नाव

ही गोष्ट शिरीषला माहीत नाही. शिरीष म्हणजे माझा नवरा – इतकी वर्षं एका छताखाली राहतोय, पण त्याला नाही. माझ्या मुलीला नाही. आई असती तर तिला तरी सांगितली असती का? नाही वाटत. आईला तर मुळीच नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि उद्या लिफ्टमध्ये भेटलात तरी मला कळणार नाही. हे धैर्य नव्हे, एवढं मला समजतं.

आधी बाबांबद्दल सांगते. तिथून सुरुवात केली की बरं वाटतं – बघा, आत्तापासूनच मी वळसा घेते आहे.

माझे बाबा देवगडजवळच्या एका वाडीतले. आज सिंगापूरमध्ये मराठी माणूस म्हटलं की बँकेतला, आयटीतला, कोंडोमध्ये राहणारा. बाबा आले तेव्हा यातलं कोणी नव्हतं. ते बोटीवर खलाशी म्हणून आले, आणि बोट पुढे गेली तेव्हा हे इथेच राहिले. जुरोंगला गोद्या नुकत्याच उभ्या राहत होत्या आणि माणसं हवी होती. मराठी बोलायला कोणी नाही म्हणून ते बाजारातलं मलय शिकले. चार शब्द तमिळ. इंग्रजी कधीच नाही. लिहिणं-वाचणं म्हणाल तर मराठीत सही, आणि बसचे नंबर.

गोदीत ते काय करायचे? तेलाची जहाजं दुरुस्तीला आली की वेल्डिंगच्या आधी त्यांच्या टाक्या रिकाम्या आणि स्वच्छ कराव्या लागतात. तळाशी काळा, चिकट गाळ बसलेला असतो. शिडीने आत उतरायचं, फावड्याने तो खरवडायचा, बादल्या भरून वर पाठवायच्या. माझे बाबा ते करायचे. टाक्या साफ करायचे. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिते आहे.

संध्याकाळी घरी आले की क्लेमेंटीच्या त्या छोट्या फ्लॅटच्या न्हाणीघरात आई त्यांच्या पाठीला रॉकेल लावून गाळ काढायची, मग साबण. तरी वास जायचा नाही. उशीला यायचा, आमच्या भातालाही यायचा असं मला वाटायचं. शाळेत एका मैत्रिणीने विचारलं, तुझे वडील काय करतात, तर मी म्हटलं – इंजिनिअर, जहाजांचे. सहज निघून गेलं तोंडातून. मग ते तसंच राहिलं. कॉलेजात राहिलं, नोकरीत राहिलं, पुण्याच्या सासरी राहिलं. शिरीषने कधी खोदून विचारलं नाही. बाबांना कोणी विचारलं तर ते म्हणायचे, "गोदीत होतंय." म्हणजे गोदीत होतो. त्यात खोटं काहीच नव्हतं. ‘गोदीत’ या शब्दात जो तो आपल्याला हवा तो माणूस बसवून घ्यायचा.

वडिलांच्या कामाची लाज वाटणारी मुलगी – असल्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. एवढंच असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता.

दोन-तीन वर्षांपूर्वी क्लेमेंटीतल्या काही तरुण मुलांनी ठरवलं की वस्तीतल्या जुन्या माणसांच्या आठवणी गोळा करायच्या आणि ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, त्यांचं प्रदर्शन लावायचं. प्रत्येकाचा एक मोठा फोटो, खाली इंग्रजीत थोडा मजकूर. बाबांच्या मजल्यावरच्या कोणीतरी त्यांचं नाव सुचवलं. मी नोव्हेनातलं ऑफिस सुटल्यावर त्यांच्याकडे गेले तर बाबा खिडकीशी बसलेले, आणि चेहरा असा की मी विचारलं, "काय झालं?"

"माझा काय सांगूचा आसा?" ते म्हणाले. "पण गो, यूसुफचा नाव लिवन ठेवतले काय ते?"

यूसुफ. हे नाव घरात मी लहानपणापासून ऐकत होते. तो बाबांचा गोदीतला जोडीदार, मलय. ते दोघं एकाच टोळीत होते. त्याची मुलगी रोहाना चोआ चू कांगला राहते. दर दिवाळीला डबा घेऊन बाबांकडे यायची, ईदला बाबा तिच्याकडे जायचे. यूसुफ कसा गेला तेही मला माहीत होतं. पूर्ण माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

पेई लिंग नावाची मुलगी मुलाखत घ्यायला आली. विशीतली, गोड. तिला मलय येत नव्हतं, मराठी येण्याचा प्रश्नच नव्हता. मी म्हटलं, मी सांगते ना इंग्रजीत. तिने टेबलावर रेकॉर्डर ठेवला. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि वरचं बटणही लावलं होतं.

आणि ते बोलले. किती बोलले! मी त्यांना असं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं. टाकीत कसा अंधार असायचा, बाहेर ऊन आणि आत त्याहून दुप्पट उष्मा कसा असायचा. एकदा आत वायू होता आणि कोणाला कळलं नाही. बाबा तळाशी होते, तिथेच कोसळले. वरून सगळे ओरडत होते, पण खाली कोण उतरणार? यूसुफ उतरला. नाकाला ओला फडका बांधून. त्याने बाबांच्या काखेतून दोर घेतला, गाठ मारली, दोर हलवून खूण केली. वरच्यांनी बाबांना ओढून घेतलं. दोर पुन्हा खाली सोडला, तो कोणी धरला नाही. रोहाना तेव्हा रांगत होती. माझा तर जन्मही झाला नव्हता – म्हणजे यूसुफ उतरला नसता तर झालाच नसता.

बाबा रडत नव्हते. फक्त हाताने ती गाठ मारून दाखवत होते, हवेत, पुन्हा पुन्हा. मग पेई लिंगकडे बघून म्हणाले, "तेचा नाव लिव. माझा नाय लिवलंस तरी चलात."

पेई लिंग माझ्याकडे वळली. "आंटी, अंकल काय म्हणाले?"

मी काय सांगितलं असेल?

मी भरभर, खालच्या आवाजात, बाबांना शब्द पकडता येणार नाहीत अशा बेताने सांगितलं, बाबा जहाजदुरुस्तीत मरीन इंजिनिअर होते. काम कष्टाचं होतं, पण सगळ्या जातिधर्मांचे लोक मिळूनमिसळून राहायचे. त्यांना त्या दिवसांची खूप आठवण येते.

ती थोडी गोंधळली. म्हणाली, "एवढंच? पण अंकल तर खूप वेळ बोलत होते."

मी हसले. हो, हसले. आणि म्हटलं, "मराठीत असंच असतं, तेच तेच फिरवून सांगतात."

तुम्ही विचाराल, का? मीही विचारते. प्रदर्शन इंग्रजीत असणार होतं. शिरीष वाचणार, त्याचे बँकेतले लोक वाचणार, महाराष्ट्र मंडळातल्या बायका फोटो काढून ग्रुपवर टाकणार. यूसुफ आला की टाकी येणार, टाकी आली की फावडं येणार. बाबांच्या शेवटच्या वाक्यापासून माझ्या पहिल्या वाक्यापर्यंत एक श्वास गेला असेल. तेवढ्या वेळात मी हा सगळा हिशेब केला. एका माणसाच्या मरण्याचा हिशेब त्यात धरला नाही.

ती गेल्यावर बाबांनी विचारलं, "सांगितलंस मा तिका? यूसुफचा?"

"हो बाबा. सगळं सांगितलं."

प्रदर्शन लागलं. बाबांचा फोटो सुंदर आला होता. त्याखाली मजकूर – जसा मी सांगितला होता तसाच, नीट छापलेला. बाबा फोटोकडे बघेनात. मजकुराजवळ तोंड नेऊन म्हणाले, "खय आसा गो नाव?"

तेव्हा तरी सांगायचं. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी त्यांचं बोट धरलं – त्या बोटाच्या नखात इतक्या वर्षांनंतरही काळी रेघ होती – आणि एका शब्दावर ठेवलं. "हे बघा. इथे."

तिथे ‘इंजिनिअर’ लिहिलेलं होतं. दुसरा कुठलाही शब्द चालला असता. माझा हात तिथेच गेला.

बाबांनी त्या शब्दावरून बोट फिरवलं, अलगद, डावीकडून उजवीकडे. "बरा दिसता," म्हणाले.

त्यानंतर ते रोज खाली जाऊन त्या फोटोशी उभे राहायला लागले. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवायचे, मलयमध्ये सांगायचे – हे माझ्या मित्राचं नाव, याने मला वाचवलं. लोक वाचायचे, मग बाबांकडे बघायचे, मान हलवायचे आणि निघून जायचे. म्हातारा माणूस आहे, काहीतरी बोलतोय, असंच वाटलं असणार त्यांना. माझ्या बाबांना लोकांनी भ्रमिष्ट समजावं, ही व्यवस्था मीच करून ठेवली होती.

रविवारी मी त्यांना जेवायला न्यायला गेले. लांबूनच दिसलं – बाबा फोटोशी उभे, आणि शेजारी रोहाना. डोक्याला फिकट निळा रुमाल, हातात पिशवी. बाबांनी तिला चोआ चू कांगहून बोलावून घेतलं होतं. मला सांगितलं नव्हतं. मी खांबाच्या आडोशाला थांबले.

रोहाना शाळेत शिकवते. तिचं इंग्रजी माझ्याहून चांगलं आहे.

बाबांनी बोट ठेवलं. म्हणाले, "इनी नामा बापा कामू." हे तुझ्या बापाचं नाव.

रोहानाने वाचलं. आधी तो शब्द, मग पहिल्या ओळीपासून सगळं. मी तिची नजर सरकताना बघत होते. शेवटच्या ओळीला पोचली, पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. बाबा तिच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होते.

"या, पाकचिक," ती म्हणाली. हो, काका. "साया नाम्पाक." दिसलं मला.

मग तिने वाकून बाबांचा तो हात आपल्या कपाळाला लावला. वर बघताना तिला मी दिसले. खांब काही फार रुंद नव्हता. क्षणभर आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो, आणि मी – मी पर्समधून फोन काढला आणि काहीतरी महत्त्वाचं वाचत असल्यासारखी त्यात बघायला लागले.

मी पुन्हा मान वर केली तेव्हा ती बसस्टॉपकडे निघून गेली होती.

बाबा गेले तेव्हा ती अंत्यविधीच्या हॉलमध्ये आली. शेवटच्या रांगेत बसली. मी पुढे उभी राहून बाबांबद्दल इंग्रजीत बोलले, आणि तिथेही तेच बोलले. ती समोर बसलेली दिसत असूनही बोलले. नंतर भेटायला आली तेव्हा तिने माझा हात हातात घेतला. "युअर फादर वॉज अ व्हेरी गुड मॅन," एवढंच म्हणाली. त्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. टोमणा नव्हता. यंदा दिवाळीला ती आली नाही. बाबाच नाहीत तर कोणाकडे येणार?

पण हेही सगळं नाही. ज्याच्यासाठी मी लिहायला बसले ते अजून राहिलंच आहे.

बाबांना नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात ठेवलं होतं, माझ्या ऑफिसपासून चालत जाण्याइतकं जवळ. जेवणाच्या सुट्टीत मी जायची. शेवटच्या आठवड्यातली एक दुपार. त्यांना मी मऊ भात भरवत होते. दोन घास खाऊन त्यांनी हात वर केला – पुरे. थोडा वेळ डोळे मिटून पडले. झोपले असं वाटून मी डबा आवरायला लागले, तेवढ्यात म्हणाले, "गो."

"काय बाबा?"

"तेचा नाव ऱ्हवला. तुझ्यामुळे ऱ्हवला." आणि मग – बाबा असं कधी बोलायचे नाहीत, आम्हा कोकणातल्या लोकांना हे शब्द जड जातात – म्हणाले, "एवढा एक काम माझ्याच्यान झाला नसता. तू केलंस."

शेजारची खाट रिकामी होती. नर्स नुकतीच येऊन गेली होती. बाबा पूर्ण शुद्धीवर होते, माझ्याकडे बघत होते. मला सांगता आलं असतं. नाव कुठेतरी छापून घ्यायलाही तेव्हा वेळ होता. पेई लिंगचा नंबर माझ्या फोनमध्ये होता, रेकॉर्डिंग तिच्याकडे होतं, बाबांचा आवाज त्यात होता.

मी रुमालाने त्यांचं तोंड पुसलं आणि म्हटलं, "हो बाबा."