गाणारी कुठे उभी आहे?

ताईचा नवरा काय करतो असं कुणी विचारलं की आमची आई गडबडायची. लोकांच्या घरी जाऊन स्पीकर सरकवतो, हे चारचौघांत सांगायचं कसं? "इलेक्ट्रिकचं काहीतरी आहे," म्हणून ती विषय बदलायची. भाऊजींच्या ते कानावर गेलं होतं. तेच हसून म्हणायचे, "सासूबाई, खरं सांगून टाका. जावई डबे हलवतो."

आणि खरंच ते डबे हलवायचे. आधी वीस वर्षं एका मोठ्या दुकानात. दुकानाच्या मागच्या बाजूला जाड पडद्यांची एक खोली होती. तिथे गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून स्पीकर ऐकवायचे, हे त्यांचं काम. पुढे मालकाच्या मुलांनी तिथे मोबाइलची कव्हरं विकायला घेतली. भाऊजी मोजायची फीत पिशवीत टाकून घरोघर जाऊ लागले. पुस्तकांच्या फळीवर मावतील असे लहान स्पीकर लोक हौसेनं आणतात आणि मग एक पुस्तकांमागे कोंबतात, दुसरा फ्रिजवर चढवतात. दुकानात गोड वाटलेला आवाज घरी आल्यावर घसा बसल्यासारखा येतो. मग भाऊजींना बोलावणं जायचं.

गेल्या गेल्या ते खोलीच्या मध्यावर उभे राहून एक टाळी वाजवत. टाळी घुमली की म्हणत, "भिंती उघड्या आहेत, पडदा लावा." मग दोन्ही डबे मागच्या भिंतीपासून हातभर पुढे काढायचे, कोपऱ्यातून तर आधी. कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर म्हणे रिकाम्या पिंपासारखा बोलतो. दोन डब्यांत जेवढं अंतर, तेवढंच प्रत्येकापासून खुर्चीपर्यंत. उंची बसलेल्या माणसाच्या कानाएवढी. आणि तोंडं किंचित आत वळवलेली. "भांडण झालेले नवराबायको पाहुण्यासमोर कसे बसतात? एकमेकांकडे बघायचं नाही, दोघांनी पाहुण्याकडे बघायचं. तसं," ते सांगत. यावर ताई म्हणायची, "अनुभवाचे बोल."

एवढं झालं की फीत पिशवीत जायची. शेवटची बोटभर हलवाहलव ते फक्त कानांनी करत. एका बाईचं संथ गाणं लावायचे, स्वतः खुर्चीत बसून ऐकायचे, उठून डबा जरा सरकवायचे, पुन्हा बसायचे. मग घरातल्या कुणालातरी खुर्चीत बसवून, डोळे मिटायला लावून विचारायचे, "गाणारी कुठे उभी आहे? बोट दाखवा." काम नीट झालं असेल तर बोट दोन डब्यांच्या बरोबर मधे जायचं, जिथे काहीच नसतं. तिथे बोट गेलं की भाऊजींच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मी त्यांच्या लग्नाच्या फोटोतही पाहिलेलं नाही.

आमच्याकडे स्पीकर आले ते माझ्या नवऱ्याला पन्नाशीत हौस सुटली म्हणून. भाऊजी रविवारी दुपारी आले. नाक लाल, गळ्याला मफलर.

"सर्दी झालीय," ते म्हणाले. "उजव्या कानाला दडाच बसलाय. परवा सकाळी उठलो तो असाच. तुझी ताई मागे लागलीय, कानाच्या डॉक्टरकडे चला म्हणून. उद्याची वेळ घेऊन ठेवलीय तिनं. सर्दीला कानाचा डॉक्टर! उद्या ठेच लागली तर हाडांचा गाठेल."

एरवी अर्ध्या तासाचं काम, त्या दिवशी दोन तास चाललं. फितीनं सगळं बरोबर होतं. पण फीत आत गेल्यावर ते उजवा डबा पुढे घ्यायचे, खुर्चीत बसायचे, मान हलवायचे, पुन्हा उठून तो आणखी पुढे घ्यायचे. मफलर निघाला. कपाळावर घाम आला. माझा नवरा कंटाळून आत जाऊन झोपला. मी दोनदा चहा केला, दोन्ही वेळा त्यांनी तो तसाच ठेवला.

शेवटी म्हणाले, "बस. डोळे मिट."

मी बसले. गाणं लागलं. गाणारी मधे नव्हतीच. ती उजवीकडे होती, पार खिडकीपाशी. माझ्यासारख्या अडाणी बाईलाही ते कळत होतं.

"कुठे उभी आहे?"

मी डोळे किलकिले केले. ते माझ्यासमोर वाकून उभे होते. लहान मुलाचा ताप बघताना आईचा चेहरा जसा होतो, तसा त्यांचा चेहरा झाला होता. दोन तास राबलेला माणूस. सर्दी चार दिवसांत जाईल, मग पुन्हा बोलावू, असं मनात म्हटलं आणि बोट सरळ समोर धरलं. मधोमध.

त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की गाण्यातूनही मला तो ऐकू आला. "बघ! म्हणजे सर्दीच. उगाच घाबरलो होतो मी." आणि तिथूनच त्यांनी ताईला फोन लावला. "उद्याचं रद्द कर गं. तुझ्या बहिणीनं पास केलं मला."

मी गार झालेल्या चहाचे कप उचलले. ते गेल्यावर उजवा डबा मात्र गुपचूप मागे सारला. गाणारी मधे आली.

सर्दी गेली, दडा राहिला. भाऊजी कामं घेत राहिले. महिन्याभरात तीन घरांतून तक्रार आली. एका दाताच्या डॉक्टरनं फोनवर सांगितलं, "काका, तुमची गायिका आमच्या स्वयंपाकघरात जाऊन गातेय." भाऊजींनी ते आम्हाला हसत सांगितलं, पण एकदा मी त्यांच्या घरी गेले असताना ताईवर खेकसले, "खोल्याच वाकड्या बांधतात लोक! मेहुणीकडे बरोबर लागले ना?" ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं. दुसऱ्यांदा.

मग एके दिवशी ताईनं हाका मारल्या आणि शेजारच्या खुर्चीत डावा कान हातावर टेकून बसलेल्या भाऊजींनी मान वर केली नाही. त्यांना हाताला धरून ती डॉक्टरकडे घेऊन गेली. कानाची नस गेली होती, एका रात्रीत, सर्दीशी काही संबंध नसताना. अशा वेळी पहिल्या पंधरा दिवसांत औषध सुरू केलं तर बऱ्याच जणांचा कान परत येतो, डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी सहा आठवडे उलटून गेले होते. ताईनं मला फोनवर हे सांगितलं आणि वर म्हणाली, "यांचा हट्ट, दुसरं काय."

आठ दिवस मी तोंडात घास घेताना ते वाक्य गिळत होते. नवव्या दिवशी गेले. ताई बाजारात होती. भाऊजी सोफ्यावर बसून त्यांच्या स्वतःच्या जोडीतला एक स्पीकर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळत होते.

"एका कानाला दोन कशाला?" ते म्हणाले. "आता सगळं एकाच बाजूनं येतं. मधे कुणी उभंच राहत नाही."

मी त्यांच्या शेजारी टेकले आणि खाली फरशीकडे बघत, दबल्या आवाजात सगळं सांगितलं. खिडकी, बोट, ताईचा फोन, मागे सारलेला डबा. रडले. ते शांतपणे कागदाच्या घड्या घालत राहिले. मला वाटलं, किती मोठं मन. मग लक्षात आलं, मी त्यांच्या उजव्या हाताला बसले होते.

दार उघडंच होतं. उठून घरी गेले असते तरी कुणाला काही कळलं नसतं. मी उठले, वळसा घालून डाव्या बाजूला गेले आणि पुन्हा सांगितलं. या खेपेला रडू आलं नाही, त्यामुळे ते थोडक्यात झालं.

त्यांचे हात थांबले.

"किती उजवीकडे होती?"

"खिडकीपाशी."

"म्हणजे हातभर." त्यांनी गुंडाळलेला डबा खाली ठेवला. "हातभर चुकलो, आणि तू बोलली नाहीस."

"वाईट वाटेल म्हणून..."

"हं," ते म्हणाले आणि सुतळी शोधायला आत गेले.

ताईला त्यांनी काही सांगितलं नाही. माझ्याशी बोलतात, पूर्वीसारखी चेष्टाही करतात. आम्ही सगळे जमतो तेव्हा उजव्या बाजूचं बोलणं त्यांच्या हातून निसटतं. मग ते ताईला विचारतात, काय बोलणं झालं गं? ताई आत असेल तर माझ्या नवऱ्याला विचारतात. तो पेपरात डोकं घालून बसलेला असला, तर त्याचं पान उलटून होईपर्यंत थांबतात. मी शेजारीच असते.