न हलणारं पाणी

वाफेवर चालणाऱ्या त्या मोठ्या लाँड्रीत बॉयलर सांभाळणाऱ्या माणसाला सगळे धाकधूकभाऊ म्हणत, आणि त्यात त्याला स्वतःलाही काही वावगं वाटत नसे. माणूस अंगापिंडाने आडदांड, मिशा अशा की लहान मूल बघूनच रडावं, पण छातीत ससा बसलेला. कुत्रं भुंकलं की हा रस्ता बदलायचा. जिना उतरताना कठडा धरायचा, आणि धरण्याआधी तो हलवून बघायचा. असल्या माणसाने आयुष्यभर बॉयलरशेजारी बसावं, ही देवाची गंमतच म्हणायची.

बॉयलर म्हणजे आडवं झोपवलेलं लोखंडी पिंप, खोलीभर. पोटात पाणी, पाण्यातून गेलेल्या नळ्या, नळ्यांमधून धावणारी आग. पुढच्या बाजूला बोटभर जाडीची उभी काचेची नळी. आत पाणी किती आहे ते या नळीत दिसतं. पाणी कमी दिसलं की पंप चालू करायचा, पुरेसं झालं की बंद. काम एवढंच. पण पाणी नळ्यांच्या खाली गेलं तर लोखंड लालभडक होतं, आणि मग ते पिंप पिंप राहत नाही, बॉम्ब होतं. भिंतीपलीकडे इस्त्रीची खोली होती. तिथे मोठ्या गरम रोलरवर चादरी सरकवत बायका दिवसभर उभ्या असत, आणि त्या बायकांत धाकधूकभाऊची बायकोही होती.

भीतीचं खरं मूळ इथे होतं. कुत्र्याचं वगैरे वरवरचं.

त्याला हे काम शिकवलं ते एका म्हाताऱ्या उस्तादाने. उस्ताद आता हयात नाही. त्याच्या हाताची कातडी मनगटापासून कोपरापर्यंत चकचकीत होती, वाफेने सोललेली. तो हात पुढे करून तो म्हणायचा, "काचेवर विश्वास ठेवायचा नाही. काचेला विचारायचं." विचारायचं म्हणजे नळीच्या खालची तोटी उघडायची. फुस्स करून पाणी आणि वाफ बाहेर पडते, नळी रिकामी होते. तोटी बंद केली की पाणी उसळून परत वर यायला हवं. आलं तर काच खरं बोलतेय. नाही आलं तर खालची वाट क्षाराने बुजलीय, आणि काचेत दिसतंय ते पाणी बॉयलरमधलं नव्हेच. ते नुसतं तिथे अडकून बसलंय.

बाकीचे लोक हा उद्योग सकाळी एकदा करतात. धाकधूकभाऊ तो दर थोड्या वेळाने करायचा. फुस्स झालं की पलीकडून बायका हसायच्या. "चला, धाकधूकभाऊ जागे आहेत!" मुकादम म्हणायचा, "अरे बाबा, त्या तोटीला तरी जरा विश्रांती दे." हा ओशाळून हसायचा, आणि मुकादम वळला की पुन्हा तोटीला हात.

हसणाऱ्यांचं त्याला काही वाटत नसे. त्याला खात होतं ते वेगळंच. तो श्रद्धावान माणूस होता. दर रविवारी ख्रिस्ती देवळात पुढून दुसऱ्या बाकावर, बायकोच्या शेजारी, केस पाणी लावून बसवलेले. आणि दर रविवारी कुठल्या ना कुठल्या निमित्ताने पाळकसाहेब सांगत की देवाच्या लेकराने भिऊ नये. ते ऐकताना याची मान खाली जायची. आपण इतके भितो म्हणजे आपला देवावर भरवसाच नाही, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. तोंडाने 'प्रभू माझा सांभाळ करतो' म्हणायचं आणि हाताने तोटी चाचपायची, हे ढोंग नाही तर काय?

शेवटी एका रविवारी उपासना संपल्यावर तो पुढे गेला. एवढा मोठा माणूस, पण आवाज बसलेला. म्हणाला, "पाळकसाहेब, माझी भीती काढा. सकाळी उठतो तीच छातीत घेऊन. आता सोसत नाही हो."

पाळकसाहेब भला माणूस. त्यांनी मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना बोलावलं. चार हात डोक्यावर, दोन खांद्यांवर. सगळ्यांनी कळवळून प्रार्थना केली. एक आजीबाई तर रडल्या. पाळकसाहेब म्हणाले, "यापुढे भीती आली की तिला सांगा, तू माझ्या प्रभूकडून नाहीस, निघ."

आणि भीती गेली! थट्टा नाही, खरंच गेली. धाकधूकभाऊ सोमवारी उठला तर छाती हलकी. कामावर जाताना कोपऱ्यावरचं कुत्रं भुंकलं, तर हा त्याच्याकडे बघून हसला. कुत्रंच गोंधळलं बिचारं. बॉयलरखोलीत स्टुलावर बसून तो गाणी गुणगुणू लागला. जेवण गोड लागू लागलं. तोटीला दर थोड्या वेळाने हात लावणं त्याला आता देवाचा अपमान वाटू लागलं. देवाने भीती घेतली, आणि आपण पुन्हा तपासत बसायचं? तो सकाळी एकदाच तोटी उघडू लागला. मग एक दिवस तेही राहिलं, आणि काही बिघडलं नाही. मग राहतच गेलं.

सगळ्यांना आनंद झाला. एक बायको सोडून.

"अहो, हल्ली तुमचा फुस्स ऐकू येत नाही," ती एकदा डबा देताना म्हणाली.

"गरजच नाही त्याची. प्रभू बघतोय."

"प्रभू बघतोय ते खरंय. पण तुम्ही बघताय का?"

"अगं, तूच म्हणायचीस ना, किती घाबरता म्हणून?"

"म्हणायचे. पण तो आवाज आला की आम्ही बिनघोर काम करायचो. आता बायका हसत नाहीत, आणि मला चुकल्यासारखं होतं."

त्याने तिला विश्वासावर चार शब्द सुनावले. तीही बिचारी डबा ठेवून कामाला गेली.

आता त्या बॉयलरची थोडी कुंडली सांगायला हवी. अशा बॉयलरला काचेच्या नळ्या दोन असतात, एक खोटं बोलली तर दुसरी असावी म्हणून. त्यातली एक तडकली होती, म्हणून बंद करून ठेवलेली. पाणी फार खाली गेलं तर वाजणारी एक शिट्टीही होती, ती कधीची अडकून बसली होती. दुरुस्तीवाला 'उद्या येतो' म्हणून गेला होता, आणि त्याचा उद्या काही उजाडत नव्हता. म्हणजे त्या पिंपाच्या पोटात काय चाललंय हे सांगायला उरली होती एक काच, आणि तिला विचारणारा एक माणूस. माणसाने विचारणं सोडलं होतं.

त्या दिवशी दुपारी काम जोरात होतं. पलीकडून रोलरची घरघर आणि बायकांच्या गप्पा ऐकू येत होत्या. धाकधूकभाऊ स्टुलावर बसून गुणगुणत होता. काचेत पाणी अर्ध्याच्या वर, झकास. सकाळीही तिथेच होतं. पंप चालवायची गरजच पडली नव्हती.

गाण्याच्या मधेच तो थांबला. का थांबला ते त्याला कळलं नाही. मागे वळून बघितलं, तर कुणी नव्हतं. भीती! जुनी, ओळखीची, दार न वाजवता घरात शिरणारी.

तो घाबरला, म्हणजे आधी भीतीलाच घाबरला. पुटपुटला, "तू माझ्या प्रभूकडून नाहीस, निघ." ती निघाली नाही. त्याने डोळे मिटले आणि पुन्हा तेच म्हटलं. भीती ठाण मांडून बसली. आपली श्रद्धा गेली, मंडळीने केलेली प्रार्थना आपण वाया घालवली, असं वाटून तो रडायच्या बेतात आला. मग त्याला पवित्र शास्त्रातली ती बाग आठवली, प्रभूला पकडून नेलं त्या रात्रीची. प्रभू घाम गाळत प्रार्थना करतोय, आणि ज्यांना जागं राहायला सांगितलं ते शिष्य शांत झोपलेत. त्या रात्री त्या बागेत भीती कुणाला वाटत होती? झोपलेल्यांना नाही. जो जागा होता, त्याला.

"देवा," तो म्हणाला, "हा तू आहेस का?"

उत्तर आलं नाही. आग फेकणाऱ्या बर्नरचा घोंगाट तेवढा चालू होता. पण त्याने डोळे उघडले, आणि उघडले ते काचेसमोर.

पाणी हलत नव्हतं.

चालू बॉयलरचं पाणी कधी स्थिर नसतं. आत उकळतंय म्हटल्यावर काचेतही ते जरासं थरथरतं, वरखाली होतं. हे मात्र चित्रात काढल्यासारखं उभं होतं. किती वेळापासून? सकाळपासून? कालपासून? त्याची पाचावर धारण बसली. त्याने तोटी उघडली. नेहमीच्या फुस्सऐवजी नुसता सुस्कारा आला. नळी रिकामी झाली. तोटी बंद केली.

पाणी वर आलं नाही.

तो बघत राहिला. रिकाम्या काचेतून पलीकडचं लोखंड दिसत होतं. आता त्याच्या नाकाला वासही जाणवला, तापलेल्या रंगाचा, करपट. आणि त्याचा हात आपोआप पंपाच्या बटणाकडे गेला. पाणी नाही ना? मग पाणी दे! लवकर दे! सगळं अंग ओरडत होतं. पलीकडे बायको आहे, दे पाणी!

बोट बटणावर टेकलं, आणि तिथेच थांबलं.

भीती दोन जातींची असते, आणि दोन्ही एकाच वेळी एकाच छातीत असतात, हे ज्याच्यावर बेतलंय त्यालाच कळतं. एक म्हणते, बघ. दुसरी म्हणते, पळ, काहीही कर, पण आत्ता कर. त्याच्या डोळ्यांपुढे उस्तादाचा चकचकीत हात आला. उस्तादाचं दुसरं सांगणं होतं, "पाणी दिसेनासं झालं, तर पाणी द्यायचं नाही. लाल लोखंडावर गार पाणी पडलं की एका क्षणात वाफ, स्फोट, संपलं. आग मार. माणसं काढ." देवाने त्या दुपारी आकाशातून काही सांगितलं नाही. जे सांगायचं ते त्याने एका म्हाताऱ्याच्या तोंडून कधीच सांगून ठेवलं होतं.

"प्रभू, हात धर माझा," तो मोठ्याने म्हणाला, आणि बोट बटणावरून उचललं. ते उचलायला जे बळ लागलं तेवढं त्याने आयुष्यात कशालाच लावलं नसेल. त्याने बर्नर बंद केला. तेलाची तोटीही पिळून बंद केली. घोंगाट थांबला आणि खोलीत भयंकर शांतता पसरली. लोखंड कुठेतरी आतून टिक टिक करत होतं.

तो इस्त्रीच्या खोलीत धावला. दारात उभा राहिला तर तोंडातून शब्दच फुटेना.

"आले, धाकधूकभाऊ आले!" एक बाई हसली. "काय हो, उंदीर दिसला की काय?"

सगळ्या हसल्या. जन्मभर भ्यायलेल्या माणसावर कोण विश्वास ठेवणार? भित्यापाठी ब्रह्मराक्षस! त्याने बायकोकडे बघितलं. बास, नुसतं बघितलं.

बायकोने त्याचा चेहरा पाहिला. हातातली चादर तिने रोलरवर तशीच सोडली. बाजूच्या बाईचा दंड धरला आणि म्हणाली, "बाहेर. सगळ्या. आत्ता." कुणी विचारलं, "पण झालं काय?" ती म्हणाली, "ते मागून विचारा, पाय हलवा." आणि त्या हलल्या. नवऱ्याचं कुणी ऐकत नव्हतं, तिचं मात्र सगळ्या ऐकत.

मोठ्या फाटकापलीकडे सगळे उभे राहिले. मुकादम वैतागलेला, बायका कुजबुजणाऱ्या. धाकधूकभाऊ गुडघ्यांवर बसला होता, पण डोळे मिटलेले नव्हते. तो इमारतीकडे टक लावून बघत प्रार्थना करत होता. प्रत्येक क्षणी त्याला वाटे, आता. आता. बायकोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. काही झालं नाही. ऊन उतरलं, बॉयलर थंडावत गेला, आणि मुकादम म्हणाला, "उगाच सगळा दिवस घालवलास."

दुसऱ्या दिवशी तो दुरुस्तीवाला उगवला. आत टॉर्च मारून बराच वेळ बघत राहिला. वरच्या नळ्या तापून निळ्या पडल्या होत्या आणि मधे वाकल्या होत्या. काचेची खालची वाट क्षाराने गच्च बुजलेली. तो बाहेर आला, कपाळ पुसलं आणि विचारलं, "पंप चालू केला नाहीस ना?"

"नाही."

"केला असतास तर..." म्हणाला, आणि त्याने भिंतीपलीकडच्या इस्त्रीच्या खोलीकडे बोट दाखवलं. मुकादमाने कपाळाला हात लावला.

त्या संध्याकाळी धाकधूकभाऊ घरी जेवायला बसला आणि घास हातात धरून रडला. "मी म्हणत होतो देवावर भरवसा ठेवलाय," तो बायकोला म्हणाला. "भरवसा कसला? मी झोपलो होतो. तुला मारलं असतं मी." तिने त्याला थोपटलं, पण 'नाही हो' असं म्हणाली नाही, कारण ते खरं होतं.

रविवारी पाळकसाहेबांनी त्याला हाक मारली. "उभे राहा, आणि मंडळीला सांगा, प्रभूने तुमची भीती कशी काढली."

तो उभा राहिला. सगळे हसऱ्या तोंडाने बघत होते.

"पाळकसाहेब, ती परत आलीय," तो म्हणाला. "आता ती काढू नका. माझ्यासाठी प्रार्थना करायची तर एवढीच करा की ती राहू दे, आणि ती हाक देईल तेव्हा मी झोपलेला नसावा. मी भितोय. आत्ताही भितोय. पण तो भीतीतही माझा हात धरतो, हे मी पाहिलंय."

पाळकसाहेब खाली त्याच्या बाकापर्यंत आले. मग म्हणाले, "आपण उघड्या डोळ्यांनी प्रार्थना करू या."

नव्या नळ्या बसल्या, काच बसली, शिट्टी वाजू लागली, आणि लाँड्री पुन्हा सुरू झाली. पहिल्या सकाळी इस्त्रीच्या खोलीत बायका रोलरपाशी उभ्या राहिल्या, पण चादरीला कुणी हात घातला नाही. सगळ्यांचे कान भिंतीकडे. मग पलीकडून आलं, फुस्स.

एकही बाई हसली नाही. त्याच्या बायकोने चादर उचलली, आणि हळूच म्हणाली, "आमेन."