नणंदेचं उद्यापन

कासारानं नणंदेच्या हातात लहान पोरीच्या मापाच्या बांगड्या भरल्या आणि त्या सरकत थेट कोपराच्या वर गेल्या, त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. तिला तेव्हा सतरावं लागलं होतं. कासार बिचारा खाली बघत राहिला. ती मात्र हात वर करून बांगड्या पुन्हा पुन्हा सरकवून बघत होती आणि खूश होती. ही खुशी कशाची, ते मला कळेना. खरं सांगायचं तर आजही कळलेलं नाही.

स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. मी लग्न होऊन अकोल्याहून आसेगावला आले तेव्हा ही चांगली भरल्या अंगाची, हसरी मुलगी होती. माझ्या ताटात हात घालून जेवायची. भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगांचा ढीग आम्ही दोघी बोलता बोलता संपवायचो आणि सासूबाईंच्या शिव्या खायचो. सासूला आमच्या घरी मामी म्हणायचे, म्हणून मीही मामीच म्हणते.

पुढच्या वर्षी रिठदचे लोक तिला बघायला आले. मुलाच्या आत्यानं तिचा दंड धरला आणि म्हटलं, "पोरगी खात्यापित्या घरची दिसते." आमच्याकडे याहून मोठी पसंती नाही. सगळे हसले, मामींनी साखर वाटली, लग्न ठरल्यात जमा झालं. आणि लगेचच्या सोमवारपासून नणंदेनं सोळा सोमवार धरले.

आता या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय? आत्याबाईंनी केलेलं कौतुक तिला टोचलं की काय? की तिला ते लग्नच नको होतं? तसं असतं तर माझ्याजवळ बोलली असती, मला तिचं सगळं ठाऊक असायचं. निदान मला तसं वाटायचं. त्या काळी मुलीनं उपास धरला तर कोणी कारण विचारत नसे, उलट शेजारणी येऊन मामींची मान ताठ करून जायच्या.

आधी सोमवार, मग शनिवार, मग चतुर्थी, एकादशी, प्रदोष. जेवायचा दिवस शोधावा लागे. उपासालाही भगर नको, शेंगदाणे नकोत. दोन गाजरं आणि पेलाभर ताक, एवढ्यावर पोरगी दिवस काढायची. पण स्वयंपाक सगळा तिचा. पोळ्या तीच लाटायची, माझ्या भातावर तुपाची धार तीच धरायची आणि मी जेवताना समोर बसून एकेक घास बघायची.

"तू काहून खात नाही वं?" मी एकदा चिडून विचारलं.

"मले रिकामं असलं का बरं वाटते वैनी," ती म्हणाली. "तू खा ना. तू खाल्लं का मले खाल्ल्यासारखं होते."

मी जेवले, पण घास तोंडात फिरत राहिला.

सोळा सोमवार संपत आले की हिचा एखादा सोमवार मोडायचा. पूजेला उशीर झाला, चुकून पाणी प्यायलं, काहीतरी निघायचंच. मग पहिल्यापासून मोजणी सुरू. उद्यापन काही होईना. तिचे तळहात पिवळे पडले. हातांवर बारीक मऊ लव आली. वैशाखात, आम्ही पदरानं वारा घेत असताना, ही गोधडी पांघरून बसायची. बसायची तरी कुठे, भरलेला हंडा ओतून पुन्हा विहिरीवर निघायची.

महिन्याचे चार दिवस आमच्याकडे बाई बाहेर पडवीत बसायची. ती बसली की तिची कामं माझ्यावर येत, त्यामुळे तिचे दिवस मला माझ्यापेक्षा पक्के ठाऊक होते. तीन-चार महिने झाले, ती बसलीच नव्हती. हे मामींच्याही ध्यानात आलं. त्यांनी मला गोठ्यामागे बोलावलं. चेहरा पांढराफटक.

"तुले काही माहीत आहे काय? खरं सांग. आता घराची अब्रू तुह्या हातात आहे."

मला इतका संताप आला की सासू समोर आहे हेही विसरले. "मामी, तिले उभं राह्यची ताकद नाही, अन् तुमी भलतंच काय बोलून राह्यल्या?"

पण त्या भलत्या शंकेमुळेच तिला डॉक्टर दिसला. नुसती वाळली म्हणून कोणी नेलं नसतं. यजमान आणि मी तिला बैलांच्या दमणीतून मंगरूळला आणि तिथून मोटारीनं अकोल्याला घेऊन गेलो. डॉक्टरांनी नाडी धरली, घड्याळ पाहिलं, पुन्हा धरली. मामींना भीती होती तसं काही नव्हतं. पण तिचं हृदय फार हळू चालतंय, म्हणाले. रक्त तपासायला घेतलं. काही दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी सांगितलं, "हिच्या रक्तात चरबी वाढली आहे. कोलेस्टेरॉल म्हणतात त्याला."

यजमानांनी तिच्या काडीसारख्या मनगटाकडे पाहिलं.

"डॉक्टरसाहेब, हे तं तुपाले शिवत नाही," यजमान म्हणाले. "चरबी आली कुठून?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "ते मलाही नीट सांगता येत नाही. पण ही अशीच राहिली तर हृदय थकेल, मग मी काही करू शकणार नाही. हिला खायला घाला."

"तूप?"

"तूप... तूप जरा जपून."

खायला घाला आणि तूप जपून. डोकं चालेना. परतताना मोटारीत नणंद माझ्या खांद्याला टेकली होती, अंगाला नुसती हाडं टोचत होती. हळूच कानाशी म्हणाली, "पाह्य वैनी. माह्यात अजून चरबी आहे. डॉक्टरच म्हणे." डोळे असे चमकत होते की मला तिच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि पोटाशी घट्ट धरावंसंही वाटलं. यातलं मी काहीच केलं नाही. खिडकीतून तुरीची वावरं बघत बसले.

पोर जगवायची तर खायला घालायचं, एवढं मामींना पक्कं कळलं. पण व्रत चालू असताना कसं घालणार? आणि व्रत सुटतं ते उद्यापनानंच. मामींनी तिला न विचारता ब्राह्मण बोलावला आणि सोमवार ठरवला. पाच शेर कणकेचा चुरमा, त्यात गूळ आणि घरचं लोणकढं तूप. मी तुपाची आठवण केली तर म्हणाल्या, "देवाच्या प्रसादात चरबी नसते वं." खूप दिवसांनी त्यांचा चेहरा उजळलेला दिसला, मग मीही गप्प बसले. मलाही ते पटलं होतं.

प्रसाद नाकारता येत नाही. नणंद पाटावर बसली, मामींनी स्वतःच्या हातानं वाढलं. पहिला घास तिनं बराच वेळ हातात धरला. मग खाल्ला. मग दुसरा. मामी रडत वाढत होत्या आणि ती खात होती, जणू कुठलं तरी दार आतून उघडलं होतं. त्या आठवड्यात ती खातच राहिली. शेजारणी वाट्या घेऊन आल्या, कोणी शिरा, कोणी बासुंदी. दोन दिवसांत तिचे पाय भरले, गाल वर आले. मामी येईल त्याला सांगायच्या, "अंग धरून राह्यली पोरगी."

तिनं माझा हात ओढून छातीवर ठेवला. "धडधड करून राह्यलं वैनी." हाताखाली ते हळू चालणारं हृदय आता धावत होतं, मधेच अडखळत होतं. मी मामींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अन्न लागून राह्यलं तिले." मला खरंच वाटलं की असेल तसं. पायावर बोट दाबलं की खड्डा पडत होता, तो आम्ही दोघींनी पाहिला होता. तरी ते आम्हाला बाळसंच वाटलं.

शनिवारी सकाळी ती चुलीपाशी बसून जेवत होती. भाकरीसाठी ताट पुढे केलं आणि ताटावरच कलंडली.

गाव म्हणालं, व्रत पुरं झालं, महादेवानं नेली. रिठदचे लोक येऊन बसून गेले. मला काहीच जुळेना. इतके महिने उपाशी राहून जगली आणि जेवायला लागली तर गेली? उपासानं गेली म्हणावं तर तिनं खाल्लं होतं. रक्तातल्या चरबीनं म्हणावं तर ती नुसता सांगाडा होती. रागवायचं तरी कोणावर?

मामी मला विचारायच्या. वाती वळताना, तांदूळ निवडताना, मधेच हात थांबायचा. "मी तिले जास्त वाढलं काय वं?"

"मले नाही माहीत मामी," मी म्हणायची. ते खरंच होतं.

पुढे कितीतरी वर्षांनी माझंच कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं, तेव्हा वाशिमच्या डॉक्टरीणबाईंना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे समजावलं. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला चरबीचा निचरा करता येत नाही, म्हणून ती रक्तात वाढते. अन्न न खाणं हाही एक आजार असतो. आणि अशा माणसाला एकदम पोटभर जेवू घातलं तर रक्तातले क्षार घसरतात, पायांना सूज येते, हृदय बंद पडू शकतं. चमच्या-चमच्यानं सुरुवात करायची असते. ती का जेवत नव्हती, हे मात्र त्यांनाही सांगता आलं नाही.

घरी आले तेव्हा मामी पडवीत बसल्या होत्या. नजर गेली होती, पण पावलांवरून मला ओळखायच्या. मी शेजारी बसले. कशावरून कोण जाणे, त्यांनी त्याच दिवशी पुन्हा विचारलं, "मी तिले जास्त वाढलं काय वं?"

"नाही मामी," मी म्हटलं. "तुमी वाढलं म्हणून तं ती जेवली."

त्यांनी चाचपडत माझा हात धरला. मग म्हणाल्या, "पोटभर जेवली ना वं?"

"जेवली," मी म्हटलं.