दातांत धरलेली पत्रं

मौनीबाबा मला पहिल्यांदा नीट दिसला तो दातांत पत्रं धरून जिना चढताना. मी नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते. सकाळी अकराला घरी असण्याची सवय नव्हती. दार उघडलं तर समोर टपालवाला. खांद्यावर पिशवी, एका हातात पार्सल, दुसरा कठड्यावर आणि ओठांत चार लिफाफे. त्यातला माझा त्याने मानेनेच पुढे केला आणि वरचा मजला एका दमात गाठला. गल्लीतली पोरं त्याला मौनीबाबा म्हणायची. बावीस वर्षांत जिन्यावर त्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता. आमची पत्रं मात्र कोपऱ्यांवर किंचित ओली असायची.

मग एक दिवस पत्र दिल्यावरही तो गेला नाही, दाराशी घुटमळला आणि चक्क बोलला. टपाल कार्यालयात नवा नियम आला होता. पन्नाशीच्या पुढच्या टपालवाल्यांनी दोन किलोमीटर अठरा मिनिटांत चालत पार करायचे, नाहीतर फिरती बंद आणि आतल्या खोलीत पत्रं निवडायला बसायचं. त्याने एकदा परीक्षा दिली होती आणि तिसऱ्याच मिनिटाला मांड्या धरून खाली बसला होता. आणखी एक संधी होती, तीन आठवड्यांनी.

"बाई, मी दिवसाला साठ जिने चढतो," तो म्हणाला. "मग सपाट मैदानावर माझं काय बिघडतं?"

आतल्या खोलीला खिडकी नव्हती, हे त्याने दोनदा सांगितलं.

विज्ञान शिकवण्याची माझी खोड गेलेली नव्हती. मैदानावर नेऊन मी त्याला चालायला लावलं. गडी सुसाट सुटला, तोही तोंड घट्ट मिटून, जणू पत्रं अजून ओठांतच होती. मिनिटभरात चेहरा लालबुंद.

बाकावर बसवून मी त्याला समजावलं. स्नायूत थोडी शक्ती तयार असते, डब्यात भरून ठेवलेल्या जेवणासारखी. ती जेमतेम दहा सेकंद पुरते. त्याचा एक जिना आठ-दहा सेकंदांचा. मग दाराशी अर्धं मिनिट थांबणं, तेवढ्यात डबा बराचसा पुन्हा भरतो. बावीस वर्षं गड्याने डब्यावरच काढली होती. डबा संपला की शरीर घाईघाईने साखर फोडतं, त्याला हवा लागत नाही, पण त्यातून हाती थोडंच येतं आणि मांड्या पेटतात. लांब चालायचं तर चूल मंद ठेवायची आणि तिला वारा द्यायचा. मग साखर आणि चरबी सावकाश जळत राहतात, तासन्‌तास.

"आणि वारा कुठून द्यायचा?"

"तोंड उघडून. चालताना बोलत राहा. पुरं वाक्य बोलता आलं, तर चूल नीट पेटलीय. शब्द तुटायला लागले की वेग कमी करा."

त्याची बायको सोबत आली होती. ती म्हणाली, "बाई, तुम्ही ह्यांना चालायला सांगा, पोहायला सांगा, पण बोलायला? लग्नाला तीस वर्षं झाली, ह्यांची मला अजून ओळख व्हायचीय."

पहिल्या दिवशी तो 'बरं' आणि 'हो' एवढ्यावर एक फेरी चालला. दुसऱ्या दिवशी कुणाच्या कुत्र्याने पिशवी कशी ओढली ते निघालं. आठवडाभरात तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना बहिणीची पत्रं येणं का थांबलं इथपर्यंत आम्ही पोचलो. वेग सावकाश वाढत गेला, वाक्यं पुरी राहिली. बायको बाजूने चालत ऐकायची आणि मधूनच विचारायची, "हे मला कधी सांगितलं नाहीत ते?"

परीक्षेच्या दिवशी घड्याळ धरून एक साहेब त्याच्याबरोबर चालत होते. मी आणि बायको कडेला उभ्या. पहिल्या फेरीत त्याचं तोंड मिटलेलंच. बायकोने माझा हात आवळला. दुसऱ्या फेरीत आमच्यासमोरून जाताना तो साहेबांना कुत्र्याची गोष्ट सांगत होता. शेवटच्या फेरीला साहेबच धापा टाकत होते आणि हा विचारत होता, "दमलात का, साहेब?" सतरा मिनिटं आणि वीस सेकंद.

फिरती राहिली. पत्रं आता पिशवीत असतात, कोपरे कोरडे. प्रत्येक दाराशी तो दोन शब्द बोलतो आणि आमच्या गल्लीत टपाल अकराऐवजी पावणेबाराला येतं.